ब्रसेल्सपर्यंत आपलं म्हणणं कसं पोचवायचं: युरोपात नव्याने आलेल्यांसाठी

युरोपात नव्याने आलेल्या माणसाला पाण्याच्या बाटलीचं झाकण पहिल्या आठवड्यातच वैताग आणतं. फिरवलं की उघडतं, पण सुटत नाही. एका पट्टीने बाटलीच्या गळ्याला धरून राहतं आणि पाणी पिताना नाकाला लागतं. ३ जुलै २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये पेयांच्या तीन लिटरपर्यंतच्या प्लॅस्टिक बाटल्यांना असंच झाकण बंधनकारक आहे.

या नियमाची सुरुवात समुद्रकिनाऱ्यावर झाली. युरोपातल्या अनेक किनाऱ्यांवर शंभर मीटरचा पट्टा आखून त्यात सापडलेली एकेक वस्तू ठरलेल्या तक्त्यात नोंदवतात: झाकणं वेगळी, कान साफ करायच्या काड्या वेगळ्या, सिगारेटची थोटकं वेगळी. हे काम बऱ्याच ठिकाणी पर्यावरण संघटनांचे स्वयंसेवक करतात. वर्षानुवर्षांच्या या नोंदींतून दिसलं, की किनाऱ्यावर सापडणाऱ्या वस्तूंपैकी ८० ते ८५ टक्के प्लॅस्टिकच्या असतात आणि जवळपास निम्म्या एकदा वापरून फेकायच्या. मे २०१८ मध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे युनियनचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, कायद्याचा मसुदा मांडला, तेव्हा सर्वांत जास्त सापडणाऱ्या दहा वस्तू आणि मासेमारीची टाकून दिलेली जाळी यांच्यावरच त्याचा रोख होता. ‘रीथिंक प्लॅस्टिक’ या नावाने एकत्र आलेल्या संघटना मसुद्याच्या आधीपासून अंतिम मतदानापर्यंत मागे लागून होत्या. झाकणाच्या कलमाला शीतपेय कंपन्यांचा विरोध होता, तरी ते टिकलं. जून २०१९ मध्ये कायदा झाला. युरोपच्या मानाने हा वेग फारच मोठा.

युरोपातल्या धोरणप्रक्रियेबद्दल माझं ठाम मत या एका उदाहरणात आलं आहे. तिथे घोषणेपेक्षा नोंद चालते, एकट्या माणसापेक्षा संघटना चालते, आणि दोन्ही वेळेत पोचले तरच उपयोग होतो. तुम्ही शिकायला आला असाल, नोकरीला आला असाल, एखाद्या संस्थेत नुकतेच रुजू झाला असाल किंवा तुमच्या शहरातल्या मराठी मंडळाचं काम बघत असाल, तर पुढची माहिती तुमच्यासाठी आहे. युरोपचं नागरिकत्व नसलं तरी यातली बरीच दारं उघडी आहेत, आणि हेच पुष्कळांना माहीत नसतं.

आधी कोण काय करतं ते बघा

कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार, थोडे अपवाद सोडले तर, फक्त युरोपियन कमिशनला आहे. तो प्रस्ताव मग दोन ठिकाणी जातो: लोकांनी निवडलेले ७२० खासदार बसतात त्या युरोपियन पार्लमेंटकडे, आणि सदस्य देशांचे मंत्री बसतात त्या कौन्सिलकडे. दोघांचं एकमत झालं की कायदा. रेग्युलेशन असेल तर तो सगळीकडे थेट लागू होतो. डायरेक्टिव्ह असेल तर प्रत्येक देशाला ठरलेल्या मुदतीत त्यावरून आपला राष्ट्रीय कायदा करावा लागतो.

संघटनांचं म्हणणं ऐकणं ही कमिशनची मेहेरबानी नाही. डिसेंबर २००९ पासून लागू असलेल्या लिस्बन करारामुळे युरोपियन युनियनच्या करारात अकरावं कलम आलं. संघटना आणि नागरी समाज यांच्याशी खुला, पारदर्शक आणि नियमित संवाद ठेवणं हे त्या कलमाने संस्थांचं कर्तव्य ठरवलं आहे. कामगार संघटना आणि मालकांच्या संघटनांना तर याहून मोठा अधिकार आहे. त्यांनी आपसात केलेला करार थेट कायदा होऊ शकतो. १९९६ चा पालकत्व रजेचा डायरेक्टिव्ह असाच झाला. पर्यावरण, ग्राहक, अपंग, स्थलांतरित यांच्यासाठी काम करणाऱ्या संघटनांकडे हा अधिकार नाही. त्यांची सगळी ताकद माहितीत आणि चिकाटीत आहे.

मसुदा यायच्या आधी पोचा

नवखी माणसं सर्वांत जास्त इथे चुकतात. एखाद्या विषयाची बातमी झाली, वाद पेटला, की ती जागी होतात. तोवर मसुदा येऊन गेलेला असतो. पुढे आकडे बदलतात, सवलती घुसतात, मुदती लांबतात, पण सांगाडा बहुतेक तोच राहतो. तो सांगाडा कमिशनच्या त्या त्या विभागातले मोजके अधिकारी बांधतात. त्या महिन्यांत त्यांना खरोखरच माहिती हवी असते, कारण लिस्बनच्या गल्लीत किंवा लॅटव्हियाच्या खेड्यात काय चाललंय ते त्यांना ब्रसेल्सच्या टेबलावरून दिसत नाही.

म्हणून पहिलं काम हे: कमिशनचं ‘हॅव युवर से’ पोर्टल उघडा, ‘ईयू लॉगिन’चं खातं काढा आणि तुमच्या विषयांच्या सूचना ईमेलवर येतील अशी सोय करा. सगळं मोफत आहे. प्रत्येक प्रस्तावाच्या पानावर त्याचे टप्पे ओळीने दाखवलेले असतात आणि सध्या कोणता टप्पा चालू आहे तेही कळतं. ‘कॉल फॉर एव्हिडन्स’ हा पहिला टप्पा साधारण चार आठवडे खुला असतो. चार-पाच पानांचा कागद असतो: प्रश्न काय, कमिशनच्या डोक्यात कोणते पर्याय आहेत. मोठ्या विषयांवर प्रश्नावलीसह सार्वजनिक सल्लामसलत होते, तिला बहुधा बारा आठवडे मिळतात. मसुदा मंजूर होऊन बाहेर पडल्यावर पुन्हा आठ आठवडे अभिप्राय घेतात. तुमच्याकडे एकाच अभिप्रायाला वेळ असेल तर तो पहिल्या टप्प्यावर खर्च करा.

वर्षाचा अंदाज हवा असेल तर कमिशनचा वार्षिक कार्यक्रम वाचा. तो साधारण ऑक्टोबरमध्ये येतो आणि पुढच्या वर्षी काय काय येणार ते त्यात असतं.

अभिप्राय लिहिताना

चौकटीत ४००० अक्षरं बसतात, म्हणजे जेमतेम दीड पान. जास्त सांगायचं असेल तर फाइल जोडता येते. युनियनच्या २४ अधिकृत भाषांपैकी कोणत्याही भाषेत लिहिता येतं. मराठी त्यात नाही, पण इंग्रजी चालते आणि जर्मन किंवा डच येत असेल तर तीही. लिहिलेलं सगळं पोर्टलवर प्रसिद्ध होतं, हे लक्षात ठेवूनच लिहा.

समजा, कामाच्या परवान्याबद्दल प्रस्ताव आला आहे. ‘परवाना मिळायला फार वेळ लागतो, आमचे हाल होतात, कृपया लक्ष घालावे’ हे खरं असलं तरी अधिकाऱ्याच्या उपयोगाचं नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘आमच्या मंडळातल्या इतक्या सदस्यांनी गेल्या दोन वर्षांत अर्ज केले. त्यांतल्या इतक्यांना मुदत उलटल्यावर उत्तर मिळालं. बहुतेकांच्या बाबतीत कार्यालयाने अर्ज अपुरा आहे हे दोन महिन्यांनी कळवलं आणि मुदत तिथून पुन्हा मोजली. मसुद्याच्या अमुक कलमात अर्ज अपुरा असल्यास किती दिवसांत कळवायचं ते लिहिलेलं नाही. तिथे ही मुदत घालावी.’ यात मोजणी आहे, कारण आहे, कलमाचा क्रमांक आहे आणि नेमकी दुरुस्ती आहे. अशी चार वाक्यं लिहायला मंडळाने आधी सदस्यांकडे एक साधा तक्ता फिरवायला हवा. अर्जाची तारीख, कागद मागितल्याची तारीख, उत्तराची तारीख, एवढंच त्यात हवं. खरी मेहनत तिथेच आहे.

नुसत्या संख्येने काय होतं ते २०१८ साली दिसलं. उन्हाळी-हिवाळी घड्याळ बदलायची पद्धत बंद करावी का, यावर कमिशनने मतं मागवली. ४६ लाख प्रतिसाद आले, त्यातले ३० लाखांहून अधिक एकट्या जर्मनीतून. ८४ टक्के लोक बंद करा म्हणाले. कमिशनने प्रस्ताव आणला, मार्च २०१९ मध्ये पार्लमेंटने होकार दिला, आणि मग तो कौन्सिलमध्ये अडकला. कोणत्या देशाने कोणती वेळ कायम ठेवायची हे देशांना ठरवता आलं नाही. घड्याळं अजून वर्षातून दोनदा फिरतात. ४६ लाख माणसं बोलली, पण प्रत्येक राजधानीत जाऊन सरकारचा पिच्छा पुरवणारी संघटित फळी त्यांच्यामागे नव्हती, असं मला वाटतं.

एकटे जाऊ नका

ब्रसेल्समध्ये जवळपास प्रत्येक विषयाची छत्रसंघटना आहे. ग्राहकांसाठी १९६२ पासूनची ब्यूक, पर्यावरणासाठी १९७४ पासूनचा युरोपियन एन्व्हायर्न्मेंटल ब्यूरो, स्त्रियांसाठी युरोपियन विमेन्स लॉबी, अपंगांसाठी युरोपियन डिसेबिलिटी फोरम, डिजिटल हक्कांसाठी एड्री, कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांसाठी पिकम. सामाजिक क्षेत्रातल्या कित्येक जाळ्यांना एकत्र बांधणारा सोशल प्लॅटफॉर्म १९९५ पासून आहे.

यातल्या बऱ्याच ठिकाणी व्यक्तीला थेट सभासदत्व नसतं. वाट देशातल्या सदस्य संघटनेतून जाते. जर्मनीत राहत असाल तर तुमच्या राज्यातल्या फरब्राउखरत्सेन्त्राले या ग्राहक केंद्राकडे तक्रार नोंदवा. त्यांची राष्ट्रीय संघटना ब्यूकची सदस्य आहे. नेदरलँड्समध्ये कोन्स्युमेन्टेनबोंड आहे. बँकेने खातं उघडायला नकार दिला, विमान कंपनीने पैसे परत दिले नाहीत, असली प्रकरणं तुम्हाला क्षुल्लक वाटतील. पण त्यांचे गठ्ठे झाले की ते ब्रसेल्समध्ये पुरावा म्हणून जातात.

छत्रसंघटना काय मिळवू शकते आणि कुठे थांबते, याचं चांगलं उदाहरण म्हणजे ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट. अपंग संघटना यासाठी कित्येक वर्षं झगडत होत्या. डिसेंबर २०१५ मध्ये प्रस्ताव आला, २०१९ मध्ये कायदा झाला, २८ जून २०२५ पासून लागू झाला. नवीन एटीएम, तिकिटाची यंत्रं, स्मार्टफोन, ई-पुस्तकं, ऑनलाइन दुकानं आणि बँकसेवा अपंगांना वापरता आल्याच पाहिजेत, असं तो सांगतो. पण इमारतींचा भाग प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडला गेला. म्हणजे एटीएम बोलेल, पण त्याच्यापर्यंत जायला तीन पायऱ्या असू शकतात. फोरमने हे उघडपणे सांगितलं, मिळालं ते पदरात घेतलं आणि उरलेल्यासाठी काम चालू ठेवलं. या कामाची वृत्ती अशीच लागते.

आर्थिक आणि सामाजिक समिती

ब्रसेल्सच्या र्‍यू बेलियार रस्त्यावर युरोपियन इकॉनॉमिक अँड सोशल कमिटीचं कार्यालय आहे. १९५७ च्या रोम करारातून ही समिती जन्माला आली. तिचे ३२९ सदस्य तीन गटांत बसतात: मालक, कामगार आणि नागरी संघटना. सदस्यांची नावं देशांची सरकारं सुचवतात, मुदत पाच वर्षांची असते. काही विषयांत कायदा करण्याआधी समितीचं मत विचारणं बंधनकारक आहे, पण ते मत मानणं बंधनकारक नाही.

मग तिच्याकडे जायचं कशाला, असा प्रश्न पडेल. ऑक्टोबर २०१३ मध्ये या समितीने स्वतःहून एक मत दिलं: वस्तू मुद्दाम लवकर बिघडतील अशा बनवण्याच्या प्रकाराला आळा घाला, दुरुस्ती सोपी करा. तेव्हा तो विषय कुणाच्या अजेंड्यावर फारसा नव्हता. पुढे दुरुस्ती कॅफे (बिघडलेल्या वस्तू लोकांनी एकत्र बसून दुरुस्त करायच्या जागा) चालवणारे, ग्राहक संघटना, पर्यावरणवाले एकत्र आले आणि २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा डायरेक्टिव्ह मंजूर झाला. मध्ये अकरा वर्षं गेली. समिती कायदा बदलत नाही, पण उद्याचा विषय आज कागदावर आणते. त्यामुळे तुमचा विषय अजून कुणी हातात घेतला नसेल तर ही जागा चांगली. तुमच्या देशाचे सदस्य कोण ते समितीच्या संकेतस्थळावर बघा, तुमच्या विषयावर मत लिहिण्याचं काम कुणाकडे आहे ते शोधा आणि जाहीर सुनावणीला नाव नोंदवा. मोठ्या संघटनांची गर्दी पार्लमेंटकडे असते. इथे नवख्याचं म्हणणं ऐकून घ्यायला वेळ असतो.

पार्लमेंट आणि कौन्सिल

पार्लमेंटमध्ये प्रत्येक प्रस्ताव एका समितीकडे जातो आणि त्याची जबाबदारी एका खासदारावर, म्हणजे रॅपोर्तरवर, येते. बाकीचे पक्ष आपापला शॅडो रॅपोर्तर नेमतात. तुम्हाला भेटायचंय ते या सहा-सात जणांना, किंवा खरं तर त्यांच्या सहायकांना. ईमेल तेच वाचतात आणि दुरुस्त्यांचे मसुदेही बहुतेक तेच करतात.

त्यांना निबंध पाठवू नका. दुरुस्तीचा कागद दोन रकान्यांचा असतो: डावीकडे कमिशनचं वाक्य, उजवीकडे तुमचं, खाली दोन-तीन ओळींत कारण. हाच नमुना वापरून पान करा, बदललेले शब्द ठळक करा. दुरुस्त्या द्यायची शेवटची तारीख समितीच्या पानावर असते. तिच्या निदान तीन आठवडे आधी तुमचा कागद पोचलेला असावा.

भेटीआधी संघटनेची नोंद ट्रान्सपरन्सी रजिस्टरमध्ये करून घ्या. कोण आहात, कुणासाठी बोलता, पैसा कुठून येतो, धोरणकामावर किती खर्च करता, हे त्यात द्यावं लागतं. नोंद नसेल तर कमिशनचे आयुक्त आणि वरिष्ठ अधिकारी भेटत नाहीत. पार्लमेंटचे खासदार आता संघटनांशी झालेल्या भेटी जाहीर करतात. डिसेंबर २०२२ मध्ये उघडकीला आलेल्या लाचखोरीच्या प्रकरणानंतर हा नियम कडक झाला, आणि त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी असलेली एक संस्था स्वतःला मानवी हक्कांची म्हणवत होती. त्यामुळे पैशाच्या प्रश्नाला कचरू नका. अनुदान कमिशनकडूनच मिळत असेल तर तेही स्पष्ट लिहा. विरोधक ते शोधून काढतीलच.

कौन्सिलमध्ये शिरणं सर्वांत अवघड. तिथली वाट ब्रसेल्समधून नाही, तुम्ही राहता त्या देशाच्या मंत्रालयातून जाते. शेवटची घासाघीस ट्रायलॉगमध्ये, म्हणजे तिन्ही संस्थांच्या बंद दाराआडच्या बैठकीत होते. तिथे तुमचं वाक्य टिकवायला तोवर एखादं सरकार तुमच्या बाजूने वळलेलं लागतं.

नागरिकत्व नसेल तर

‘हॅव युवर से’वर कुणीही लिहू शकतं, युरोपबाहेरूनही. पार्लमेंटकडे अर्ज, म्हणजे पिटिशन, करायचा हक्क नागरिकांइतकाच रहिवाशांनाही आहे. अट एवढीच, की विषय युनियनच्या कारभारातला हवा आणि तुमच्याशी थेट संबंधित हवा. युनियनच्या संस्थांनी कारभारात चूक केली असेल तर युरोपियन ओम्बुड्समनकडे रहिवाशाला तक्रार करता येते. कागदपत्रं मागण्याचा अधिकारही आहे. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखाच तो वापरायचा. नेमका कागद मागायचा, पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर अपेक्षित ठेवायचं, नाही आलं तर फेरविचाराचा अर्ज टाकायचा. महाराष्ट्रात ज्यांनी माहिती अधिकाराचे अर्ज लिहिले आहेत त्यांना हे काम नवीन वाटणार नाही.

बंद दार एकच मोठं: युरोपियन सिटिझन्स इनिशिएटिव्ह, म्हणजे सह्या जमवून कमिशनकडे कायद्याची मागणी करायची सोय. किमान सात देशांतून दहा लाख सह्या एका वर्षात जमवायच्या असतात आणि सही फक्त युनियनच्या नागरिकांची चालते. पण मोहिमेत काम करायला कुणी अडवत नाही. पाण्याच्या हक्कासाठीच्या पहिल्या यशस्वी मोहिमेने सोळा लाखांहून जास्त सह्या जमवल्या. डिसेंबर २०२० मध्ये पिण्याच्या पाण्याचा नवा डायरेक्टिव्ह आला, त्यात वंचितांपर्यंत पाणी पोचवण्याचं कलम आहे. उलट पिंजऱ्यातल्या पशुपालनाविरुद्ध सुमारे चौदा लाख सह्या आल्या, कमिशनने २०२३ अखेर कायदा आणायचं वचन दिलं, आणि ती मुदत तशीच गेली.

नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांनाही हे सगळं लांबचं वाटू नये. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलींवर फवारायच्या औषधाचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात नाकारली गेली आणि निर्यातदारांना मोठा फटका बसला. औषधांच्या अंशांच्या मर्यादा युरोपात सतत बदलत असतात. त्या कडक व्हाव्यात म्हणून पेस्टिसाइड ॲक्शन नेटवर्कसारख्या संघटना तिथे नेटाने काम करतात, आणि खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी त्यांचं म्हणणं महत्त्वाचं आहे. अशा बदलांचे मसुदे जागतिक व्यापार संघटनेलाही कळवले जातात आणि त्यावर म्हणणं मांडायला मुदत मिळते. बागायतदार संघाने त्यांवर लक्ष ठेवायला एक जाणता माणूस नेमला, तर औषध बंद झाल्याची बातमी कंटेनर अडकल्यावर कळायची वेळ येणार नाही.

कायदा झाल्यावर

इथे संघटना थकतात, आणि अधिकार प्रत्यक्ष मिळायचे ते इथेच. कामाच्या आणि राहण्याच्या एकत्रित परवान्याचा, म्हणजे सिंगल परमिटचा, सुधारित डायरेक्टिव्ह २०२४ मध्ये आला. नव्वद दिवसांत निर्णय, मालक बदलण्याची मुभा, नोकरी गेल्यास किमान तीन महिने परवाना शाबूत, अशा त्यातल्या तरतुदी युरोपातल्या हजारो मराठी कुटुंबांच्या रोजच्या चिंतेशी जोडलेल्या आहेत. सदस्य देशांना राष्ट्रीय कायदे बदलायला २१ मे २०२६ ची मुदत दिली गेली. तुमच्या देशाने कोणतं कलम कसं उतरवलं, ते डायरेक्टिव्हच्या शेजारी ठेवून ओळीओळीने वाचा. मोठ्या कामगार संघटनांकडे यासाठी वकील असतात, त्यांना गाठा.

तफावत सापडली तर कमिशनकडे तक्रार करता येते. फॉर्म ऑनलाइन आहे, फी नाही, वकील लागत नाही, नागरिकत्व विचारत नाहीत. राष्ट्रीय कायद्याचं कलम, डायरेक्टिव्हचं कलम आणि सदस्यांच्या अर्जांच्या तारखांचा तो तक्ता जोडा. कुणाचं नाव उघड करायचं नसेल तर तसं फॉर्ममध्येच नोंदवायची सोय आहे.